पाय दिसले पाहिजेत: जुन्या हॉलिवूड म्युझिकल्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्यातून एकदा आमच्या घरी पाच-सहा जण जमतात. पडदे ओढायचे, चहा ठेवायचा आणि १९३० ते १९६० च्या दरम्यानचा एखादा नाचगाण्यांचा अमेरिकी सिनेमा लावायचा. नवीन येणारा प्रत्येक जण तेच प्रश्न विचारतो आणि मी चहा गार होईपर्यंत तीच उत्तरं देत बसतो. म्हणून एकदाची लिहून काढली.

आपले सगळेच सिनेमे गाण्यांचे. मग ‘म्युझिकल’ असं वेगळं काय?

आपल्याकडे मारामारीच्या सिनेमात गाणी असतात, भुताच्या सिनेमातही असतात. त्यामुळे गाण्यांचा म्हणून वेगळा प्रकार मानायची वेळच आली नाही. हॉलिवूडमध्ये मात्र तो स्वतंत्र कारखाना होता. १९२७ साली पडदा बोलू लागला आणि दोनच वर्षांनी आलेल्या ‘द ब्रॉडवे मेलडी’ या गाण्यांच्या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. पुढे मोठ्या स्टुडिओंनी नर्तक, संगीतकार, वाद्यवृंद, शिंपी असे सगळे पगारावर ठेवले. एमजीएम या स्टुडिओत आर्थर फ्रीड या निर्मात्याच्या हाताखाली तर अशी माणसं गोळा झाली होती की पुन्हा तसा संच जमला नाही. फ्रीड मुळात गीतकार, म्हणजे गाणं कुठे बसतं हे कळणारा माणूस.

चाललेलं बोलणं सोडून ते अचानक गायला-नाचायला का लागतात?

हा प्रश्न मराठी माणसाने विचारावा याचं मला नवल वाटतं. संगीत नाटकात मेलेला नट वन्समोअर आला की उठून पुन्हा पद म्हणायचा, असे किस्से ऐकत आपण मोठे झालो. आपल्या आजोबांना त्यात काही खटकलं नाही. उलट पैसे वसूल झाले असं वाटलं.

तरी गंभीरपणे सांगायचं तर चांगल्या म्युझिकलमध्ये नाच ‘अचानक’ येत नाही. बोलून जे होणार नाही ते करायला येतो. ‘द बँड वॅगन’ (१९५३, दिग्दर्शक विन्सेंट मिनेली) घ्या. फ्रेड अस्टेअर त्यात उतरणीला लागलेला नट आहे. सिड चॅरिस बॅले नर्तकी. दोघांना एकाच नाटकात काम करायचंय आणि दोघंही घाबरलेली आहेत. तिला वाटतं हा दिग्गज आपल्याला हसेल. त्याला वाटतं ही आपल्यापेक्षा उंच तर नाही ना. भांडण होतं, मग समेट, आणि घोडागाडीत बसून दोघं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात जातात. आपल्याला एकत्र नाचता येतं का, एवढंच बघायचंय.

गाडीतून उतरतात. नाचणाऱ्या लोकांच्या गर्दीतून नुसतेच चालत पुढे जातात. एक मोकळी जागा येते. अजून चालतच आहेत, एकमेकांकडे न बघता. मग ती चालता चालता एक गिरकी घेते, सहज, रस्त्यात काही आडवं आल्यासारखी. दोन पावलांनंतर तोही घेतो. इथून नाच सुरू झाला असं बोट ठेवता येत नाही. तिचा साधा पांढरा फ्रॉक आहे, पायात सपाट बूट. गाणारं कोणी नाही, नुसता वाद्यवृंद. तीन-चार मिनिटांनी दोघं नाचतच पायऱ्या चढतात आणि त्याच लयीत घोडागाडीत जाऊन बसतात. प्रश्नाचं उत्तर मिळालेलं असतं आणि एक शब्दही झालेला नसतो. हे संवादात लिहून दाखवा.

सुरुवात कशापासून करू?

‘सिंगिन’ इन द रेन’ (१९५२). त्यावर वाद नको. तो आवडला तर ‘टॉप हॅट’ (१९३५) बघा, मग ‘द बँड वॅगन’. जिथे नाच थोडा आणि कथा फार, असे सिनेमे नंतर. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ बहुतेकांनी शाळेत असताना पाहिलेला असतो आणि म्युझिकल म्हणजे तेवढंच अशी त्यांची समजूत असते. सिनेमा चांगलाच आहे, पण नाचासाठी बघायचा तो नव्हे.

आमच्या टीव्हीवर त्यांचे पायच दिसत नाहीत. प्रिंट खराब आहे का?

प्रिंट नाही, सेटिंग. यातले बहुतेक सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. आताचा टीव्ही रुंद. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघून घरातल्या कुणाचा तरी जीव कासावीस होतो आणि तो रिमोटवरून चित्र ‘झूम’ करतो. पडदा भरतो, पण वरून डोकी उडतात आणि खालून पाय. एकदा आमच्याकडे अख्खा पहिला नाच असा गुडघ्यांपर्यंतच बघून झाला, आणि सगळे म्हणाले, ‘छान आहे, पण एवढं काय त्यात?’ काळ्या पट्ट्या राहू द्या. तो ‘मोशन स्मूदिंग’ नावाचा पर्यायही बंद करा, त्याने अस्टेअर मालिकेतल्या जावयासारखा दिसायला लागतो.

ते खरंच इतकं नाचत होते, की सगळी कात्रीची करामत?

माझ्या मते या सिनेमांची सगळी मजा याच प्रश्नात आहे. नाचाची फसवणूक करणं सोपं असतं. पाय दाखवा, कट, चेहरा दाखवा, कट, बघणारे लोक दाखवा, कट. तीन वेगवेगळ्या दिवशीचे तुकडे जोडले की कुणीही नाचतो. १९३३ मध्ये अस्टेअर सिनेमात आला तेव्हा नाच असेच दाखवले जात. त्याने लवकरच आपला हट्ट चालवला: मी डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसलो पाहिजे, आणि शॉट शक्यतो तोडायचा नाही. कॅमेरा तरी नाचेल नाही तर मी, असं तो म्हणे. त्यासाठी कॅमेरा जमिनीलगत चालणाऱ्या गाड्यावर बसवून त्याच्याबरोबर ढकलत नेत.

याचा अर्थ काय होतो तो बघा. तीन मिनिटांच्या शॉटमध्ये दोन मिनिटं पन्नास सेकंदांनी चूक झाली की परत पहिल्यापासून. ‘स्विंग टाइम’ (१९३६) मधल्या शेवटच्या नाचाचे ४७ टेक झाले असं सांगतात. त्याची जोडीदार जिंजर रॉजर्स, तिच्या बुटात रक्त आलं होतं. पडद्यावर त्यातलं काय दिसतं? काहीही नाही. दोघं जिन्याने वर जातात, गिरक्या घेतात, आणि तुम्हाला वाटतं की आपणही उठलो तर जमेल. चकलीचा सोऱ्या फिरवणाऱ्या बाईकडे बघून लहान मुलांना वाटतं ना, तसं.

म्हणून मी पाहुण्यांना सांगतो, नाच सुरू झाला की मनात कट मोजा. एक, दोन... आणि मग बराच वेळ काही येतच नाही. त्या वेळात कुणीतरी खरोखर श्वास रोखून काम करतंय. आताच्या गाण्यात मोजायला गेलात तर बोटं पुरणार नाहीत.

टॅपचा टकटक आवाज तरी खरा असतो का?

इथे मात्र कबूल करावं लागतं. टॅप म्हणजे बुटांनी ताल धरायचा नाच; बुटाच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या असतात, तो आवाज खराच. पण शूटिंगच्या वेळी आधी रेकॉर्ड केलेलं संगीत भोंग्यावर वाजत असे, त्यामुळे पावलांचा आवाज तेव्हा घेता येत नसे. नंतर कानाला हेडफोन लावून, पडद्यावर स्वतःकडे बघत, लाकडी फळीवर तोच नाच पुन्हा करायचा आणि तो आवाज जोडायचा. अस्टेअर स्वतःचे टॅप स्वतः भरत असे. जिंजरचे बऱ्याचदा त्याचा नृत्यदिग्दर्शक मित्र हर्मीस पॅन भरायचा. म्हणजे तुम्ही ऐकता ती जिंजरची नाजूक पावलं एका पुरुषाची असू शकतात. आपल्याला गळ्याचं प्लेबॅक माहीत आहे, हे पायाचं.

हे सांगितल्यावर आमच्याकडच्या एक कथक शिकलेल्या ताई फार नाराज झाल्या. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, घुंगरांना अशी सवलत कुणी देत नाही.

फ्रेड अस्टेअर की जीन केली?

पु.लं.च्या पानवाल्यापुढे मांडावा असा वाद आहे हा. केली पिट्सबर्गचा, १९१२ चा जन्म, दणकट बांधा, खलाशाचे कपडे, लोफर आणि पांढरे मोजे. तो जमिनीला धरून नाचतो. मांड्यांमधली ताकद दिसते, घाम दिसतो, आणि तो आपल्याला दिसावा अशी त्याची इच्छाही असते. अस्टेअर १८९९ चा, ओमाहाचा, काडीसारखा. त्याचे खांदे, मनगट, हॅट, काठी सगळं नाचतं आणि वजन म्हणून काही जाणवत नाही. केलीने नाच रस्त्यावर आणला, कॅमेऱ्याला हलवलं. ‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’च्या (१९५१) शेवटी सतरा-अठरा मिनिटांचा बॅले टाकण्याची छाती त्याचीच.

माझं मत अस्टेअरला. केली बघताना मला कौतुक वाटतं, अस्टेअर बघताना मी विसरतो की कौतुक करायचंय. घरात मी एकटाच या बाजूला आहे.

दोघांच्या नशिबाची गाठ एकदा मजेशीर पडली. १९४८ च्या ‘ईस्टर परेड’मध्ये केली काम करणार होता, त्याचा घोटा मोडला. अस्टेअर तेव्हा निवृत्त झाला होता. त्याला परत बोलावलं, आणि नंतर तो वर्षानुवर्षं नाचत राहिला.

जिंजर रॉजर्सही तेच सगळं करायची, तेही उलट्या पावलांनी आणि उंच टाचांत, मग नाव त्याचंच का?

हे वाक्य तिच्या किंवा त्याच्या काळातलं नाही, १९८२ च्या एका व्यंगचित्रातलं आहे. पण मुद्दा खोटा नाही. दोघांनी मिळून दहा सिनेमे केले. नाच बसवायचा अस्टेअर आणि पॅन यांनी, तिने येऊन शिकायचा. तरीही नाच चालू असताना गोष्ट पुढे नेते ती जिंजर. त्याच्याकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर ‘नको’पासून ‘बरं’पर्यंतचा प्रवास दिसतो.

हट्टीही होती. ‘टॉप हॅट’मधल्या गालाला गाल लावून नाचायच्या प्रसंगासाठी तिने शहामृगाच्या पिसांचा झगा निवडला. तालमीत पिसं सुटून उडायला लागली, अस्टेअरच्या नाकातोंडात, कोटावर. तो वैतागला, सेटवर तमाशा झाला. तिने झगा बदलला नाही. नीट बघितलंत तर सिनेमातही एखाद-दुसरं पीस तरंगत खाली येताना दिसतं. पुढे त्याने तिचं नावच ‘फेदर्स’ ठेवलं.

तो भिंतीवरून छतावर नाचत जातो, ते कसं केलं?

‘रॉयल वेडिंग’ (१९५१), दिग्दर्शक स्टॅन्ले डोनन. खोलीच फिरते. एका मोठ्या पिंपात अख्खी खोली बांधली, खुर्च्या-टेबलं ठोकून बसवली आणि कॅमेरा व कॅमेरामन दोघांनाही खोलीलाच जखडलं. पिंप फिरलं की कॅमेराही फिरतो, त्यामुळे आपल्याला खोली स्थिर वाटते. अस्टेअर मात्र कायम खालच्या बाजूलाच असतो, फक्त ‘खाली’ कधी भिंत असते, कधी छत. उत्तर कळलं तरी मजा कमी होत नाही, कारण फिरत्या पिंपात तोल सांभाळून ताल न चुकवणं हे काम उरतंच.

‘सिंगिन’ इन द रेन’मधल्या पावसातल्या त्या गाण्यात पाण्यात दूध मिसळलं होतं म्हणे?

नव्हतं. पाऊस दिसावा म्हणून दिवे मागून लावले होते. खरी मेहनत डबक्यांची आहे. केलीचं पाऊल जिथे पडणार तिथे फरशीत खड्डे करून घेतले होते. त्या वेळी त्याला १०३ ताप होता.

त्यांचे आवाज तरी त्यांचेच का?

अस्टेअर, केली, ज्युडी गारलंड यांचे त्यांचेच. बाकी विचारू नका. ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) मध्ये नॅटली वुडसाठी आणि ‘माय फेअर लेडी’ (१९६४) मध्ये ऑड्री हेपबर्नसाठी मार्नी निक्सन गायली, आणि पडद्यावर तिचं नाव आलं नाही. (‘माय फेअर लेडी’ आणि आपली ‘ती फुलराणी’ या मावसबहिणी. दोघींचं आजोळ बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’. आमच्याकडे या सिनेमाच्या दिवशी भक्ती बर्वेंचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.)

सगळ्यात गमतीची गोष्ट ‘सिंगिन’ इन द रेन’ची. त्याची कथाच अशी की चिरक्या आवाजाच्या नटीला गुपचूप दुसरी मुलगी आवाज देते. ती मुलगी झालीय डेबी रेनॉल्ड्स. आणि सिनेमात ती जे उसनं गाणं गाते, ते प्रत्यक्षात बेटी नॉइस या तिसऱ्याच बाईच्या आवाजात आहे.

वरून दिसणारी माणसांची फुलं, चक्रं... त्यालाही नाच म्हणायचं का?

ती बस्बी बर्कलीची कला. पहिल्या महायुद्धात तो अमेरिकी सैन्यात होता आणि सैनिकांच्या कवायती बसवत असे. १९३३ च्या ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’ आणि ‘फुटलाइट परेड’मध्ये त्याने कॅमेरा छताला टांगला आणि शंभर मुलींची रांगोळी काढली. डोळे दिपतात. पण रांगोळीतल्या ठिपक्याला नाचता येतं का, हे कुणी विचारत नाही. मला दहा मिनिटं पुरे होतात.

या सिनेमांत काळे कलाकार का दिसत नाहीत?

दिसतात, पण कसे दिसतात ते बघायला हवं. टॅप मुळातच गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या पायांतून आणि आयरिश लोकांच्या पावलांतून, दोन्हींच्या मिसळणीतून अमेरिकेत घडलेला नाच. अस्टेअर आणि केली यांनी तो काळ्या नर्तकांकडे बघत उचलला. आणि त्या नर्तकांना पडद्यावर काम काय, तर एखादा सुटा नाच. कथेशी त्याचा सांधा मुद्दाम ठेवायचा नाही, म्हणजे वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांत सिनेमा पाठवताना तेवढा तुकडा कापून काढता येतो. बिल रॉबिन्सनने १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’मध्ये लहानग्या शर्ली टेंपलचा हात धरून जिन्यावर टॅप केला. एक काळा प्रौढ आणि एक सहा वर्षांची गोरी मुलगी, एवढंही काही गावांत खपलं नाही.

‘स्विंग टाइम’ लावण्याआधी मी सगळ्यांना सांगून ठेवतो की त्यात अस्टेअर चेहऱ्याला काळं फासून एक नाच करतो. त्याला ते अभिवादन वाटत होतं. आज बघताना अंगावर येतं, आणि यायलाच हवं. तो भाग मी पुढे ढकलत नाही. बघून झाल्यावर आम्ही बोलतो.

आणि मग त्याच संध्याकाळी ‘स्टॉर्मी वेदर’ (१९४३) मधला निकोलस बंधूंचा नाच लावतो. फेयार्ड आणि हॅरल्ड. कॅब कॅलोवेचा वाद्यवृंद वाजतोय, हे दोघं टेलकोटात टेबलांवरून उड्या मारत येतात, वादकांच्या मधून जातात, आणि शेवटी मोठमोठ्या पायऱ्यांचा एक पांढरा जिना. एक जण पायरीवर उभा, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर पाय फाकवून थेट बैठकीत. तो हात न टेकता उठतो की पहिला त्याच्यावरून. असं शेवटच्या पायरीपर्यंत. हे तालीम न करता एकाच टेकमध्ये केलं असं त्यांनीच सांगितलंय. सिनेमातला सर्वांत थोर नाच कोणता, यावर अस्टेअरने याच नाचाचं नाव घेतल्याचं सांगतात. आमच्याकडे हा नाच संपल्यावर अर्धा मिनिट कुणी काही बोलत नाही, आणि मग कुणीतरी ‘परत लाव’ म्हणतं.

आपल्याकडे याचं काही आलं का?

आलं, आणि दारातूनच आलं. मुंबईत धोबी तलावचं मेट्रो थिएटर १९३८ मध्ये खुद्द एमजीएमने बांधलं, आपले सिनेमे दाखवायला. त्या काळात गोव्याचे वादक रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत हिंदी गाणी. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोव्याचा ट्रंपेटवादक असे. १९५१ च्या ‘अलबेला’त ही सगळी मंडळी एकत्र आहेत आणि मध्यभागी भगवानदादा.

भगवानदादांना अस्टेअरसारख्या गिरक्या येत नव्हत्या. त्यांची पावलं मोजकी, कंबर जरा हलती, हात अर्धे वर. पण तेही पूर्ण दिसतात, आणि मजा घेत नाचतात. अस्टेअरचा नाच बघून आपण खुर्चीत खिळतो, भगवानदादांचा बघून उठतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत जो नाच चालतो त्यात हॉलिवूडचा अंश असलाच तर तो असा, ट्रंपेटमार्गे, गोव्याहून दादरला उतरलेला.

एवढे लोकप्रिय होते तर बंद का पडले?

पैसा. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंना स्वतःची थिएटरं सोडायला लावली. घरोघरी टीव्ही आला. तरुण पोरं रॉक अँड रोलकडे गेली. पगारी नर्तक ठेवणं परवडेना. १९६५ च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’च्या गल्ल्याने स्टुडिओंना पुन्हा हाव सुटली आणि अवाढव्य सिनेमे निघाले, त्यातले बरेच बुडाले. १९७० मध्ये एमजीएमने आपले कपडे आणि सामान लिलावात काढलं.

मुलांना कंटाळा येईल का?

पूर्ण सिनेमा लावलात तर येईल. ‘सिंगिन’ इन द रेन’मध्ये डॉनल्ड ओ’कॉनर भिंतीवर धावत जाऊन कोलांटी मारतो तेवढं दाखवा. त्यानंतर सोफ्याची जबाबदारी तुमची.

टॅप घरी शिकता येईल का?

येईल. पण फ्लॅटमध्ये राहत असाल तर आधी खालच्या मजल्यावर जाऊन बोलून या. ‘टॉप हॅट’ची सुरुवातच याने होते. हॉटेलच्या खोलीत रात्री अस्टेअर टॅप करत असतो, खाली जिंजर झोपलेली. ती तणतणत वर येते, सुनावून जाते. तो विरघळलेला. मग तो राखदाणीतली वाळू जमिनीवर पसरतो आणि त्यावर बूट हळू घासत नाचतो, इतक्या हलक्या आवाजात की खाली तिचे डोळे मिटत जातात.

हा प्रयोग मी करून बघितला आहे. वाळू तीन आठवडे निघत होती, फरशीला चरे पडले, आणि खालच्या काकूंनी विचारलं की वर काही बांधकाम काढलंय का.